टिपणीसबाईंची भिंत

आमच्या सोसायटीत भूकंपाला घाबरणारी एकच व्यक्ती होती आणि त्या व्यक्तीला आम्ही सगळे घाबरत होतो. सोसायटीचं नाव 'निवांत'. कोथरूडमधल्या एका बोळवजा रस्त्यावर, खाली पार्किंग आणि वर तीन मजले अशी ती ठेंगणी बिल्डिंग. नाव ठेवताना टिपणीसबाईंना कोणी विचारलं नव्हतं, हे उघड आहे. विचारलं असतं तर त्यांनी निदान पुढे एक प्रश्नचिन्ह घालायला लावलं असतं.

टिपणीसबाई पहिल्या मजल्यावर, म्हणजे पार्किंगच्या बरोबर वर, एकट्या राहायच्या. व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनियर. कॉलम किती जाड, बीम किती खोल, आत लोखंड किती, याची गणितं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आर्किटेक्ट बिल्डिंगला चेहरा देतो, बिल्डर तिला भाव देतो आणि ती उभी राहते ती तिसऱ्याच कुणामुळे तरी. त्या तिसऱ्याचं नाव ब्रोशरमध्ये छापत नाहीत. बाईंना त्याचं दुःख नव्हतं. "नाव नसलेलं बरं. लोक पत्ता शोधत येत नाहीत," असं त्या म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्या हसत नसत, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

बाई उंच, काटक. कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली स्पोर्ट्स शूज. लग्नालासुद्धा शूज. "पळताना चपलेचा अंगठा तुटला तर?" असं विचारायच्या. पळायचं कशाला, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर तयार असायचं आणि ते लांब असायचं. चालताना उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून वाटेतल्या प्रत्येक कॉलमवर टकटक करायची त्यांना सवय होती. बाजारात नारळ वाजवून बघतात तसं. नारळ पसंत पडला नाही तर दुसरा उचलता येतो. कॉलमची तशी सोय नसल्यामुळे बाईंच्या चेहऱ्यावर कायमची नापसंती मुक्कामाला आली होती.

आम्ही नवे राहायला आलो तेव्हा मी आणि माझी बायको सुनंदा पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाईंनी पेढा घेतला आणि विचारलं, "भिंती पाडणार आहात?"

"नाही."

"मग बसा." म्हणजे पाडणार असतो तर पेढ्यासकट परत पाठवणी होती. "पुस्तकं दिसली सामानात. कपाट कुठे ठेवलंत?"

"बेडरूममध्ये. उशाशी," मी जरा अभिमानाने सांगितलं.

"पायाशी न्या. साहित्याखाली चिरडून गेलात तर वर्तमानपत्रं कौतुक करतील, पण आवरायचं यांना पडेल," असं म्हणून त्यांनी सुनंदाकडे सहानुभूतीने पाहिलं. सुनंदाने त्याच दिवशी कपाट हलवलं. माझ्या सांगण्यावरून तिने आजवर एक स्टूलसुद्धा हलवलेलं नाही.

लोकांच्या शोकेसमध्ये मुलांची बक्षिसं आणि सिंगापूरहून आणलेला सिंह असतो. बाईंच्या शोकेसमध्ये एक पालथा तांब्या होता आणि त्याच्या बुडावर तोल सांभाळून उभा केलेला पेला.

"हे काय?" मी विचारलं.

"गजर. जमीन हलली की पेला आधी पडेल. मग मी उठेन."

"त्याच्या काळजीने झोप लागत नसेल."

"झोप मला तशीही लागत नाही फारशी," बाई म्हणाल्या. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की कितीतरी वर्षं मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

तो पेला भूकंपाने कधी पडला नाही. भाद्रपदाच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला आणि एखादं उत्साही पथक आमच्या गल्लीत शिरलं की पडायचा. पुढच्या क्षणी बाई शूज चढवून दारात. ढोल आहेत हे कळल्यावर त्या पथकाकडे ज्या नजरेने बघायच्या, त्यापेक्षा भूकंप परवडला असता.

मी विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि घरी बसलेला दिसतो म्हणून मला सोसायटीचा सेक्रेटरी करण्यात आलं. चेअरमन होते बापट. बापट हे उंचीने कमी आणि आवाजाने जास्त असे गृहस्थ. त्यांच्या दोन गाड्या आणि पार्किंगची एक जागा, या विसंगतीवर सोसायटीचं सगळं राजकारण चालायचं. एकदा त्यांनी नवी कोरी गाडी मागे घेताना कॉलमला घासली. आवाज ऐकून सगळे धावत आले. टिपणीसबाईही आल्या. गाडीकडे ढुंकूनही न बघता त्यांनी कॉलमवरून हात फिरवला, वाकून खालपर्यंत पाहिलं, बोटाने टकटक केली आणि म्हणाल्या, "वाचला."

"अहो, माझ्या गाडीचा पत्रा बघा!" बापट ओरडले.

"पत्रा बदलून मिळतो," असं सांगून बाई वर निघून गेल्या.

'निवांत'चा भूकंपाविषयीचा सिद्धांत बापटांनी मांडला होता आणि तो सर्वमान्य होता. "भूकंप हे उंच बिल्डिंगवाल्यांचं दुखणं आहे. आपले तीन मजले. आपल्याला काय होतंय?" वारज्याकडे नव्याने उठलेले टॉवर्स गच्चीवरून दिसायचे. तिकडे बघून आमचे लोक तिथल्या रहिवाशांबद्दल हळहळायचे आणि मग हळूच तिथले भाव विचारायचे.

एका रविवारी बापट आमच्याकडे चहाला आले होते आणि हा सिद्धांत नव्याने मांडत होते. बाई पाण्याच्या टाकीची काही तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बापट, बसमध्ये उभे असता आणि ड्रायव्हर एकदम बस सोडतो, तेव्हा तुम्ही मागे पडता. ड्रायव्हरने तुम्हाला ढकललेलं असतं का?"

"मी बसने जात नाही," बापट म्हणाले.

"म्हणून कळत नाहीये. भूकंप बिल्डिंगला ढकलत नाही. तो पायाखालची जमीन ओढतो. बिल्डिंग पडते ती स्वतःच्या वजनाने. सुनंदा, टोस्ट आहेत का?"

सुनंदाने टोस्ट आणले. बाईंनी ट्रेमध्ये चार टोस्ट उभे केले आणि त्यावर आमचा मिसळणाचा डबा ठेवला. डबा म्हणजे वरचे मजले. भिंतींनी भरलेले, घट्ट. टोस्ट म्हणजे पार्किंगमधले कॉलम. खाली भिंत नाही, काही नाही, नुसते उभे. मग त्यांनी ट्रेला एक झटका दिला. टोस्ट मोडले आणि डबा धप्पकन खाली येऊन बसला. झाकणसुद्धा उघडलं नाही. हळद हळदीच्या वाटीत, मोहरी मोहरीच्या.

"बघा. वरचं सगळं शाबूत. तीन मजल्यांनी मिळून द्यायची ती सगळी हालचाल एकट्या तळमजल्याला द्यावी लागली. भूकंप मागणी घेऊन येतो, बापट. आणि आपल्यासारख्या ठेंगण्या, ताठ बिल्डिंगकडे तो जास्तच मागतो. उंच बिल्डिंग सावकाश डुलते. ठेंगणी ठसकन हलते."

"ठेंगणी, ठेंगणी काय लावलंय?" बापट तडकले.

"बघितलंत?" बाई मला म्हणाल्या.

मोडलेले टोस्ट आम्ही चहात बुडवून खाल्ले. बापटांनी दोन घेतले. सिद्धांत मात्र सोडला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी, ऐन एप्रिलात, भर दुपारी खरोखरच जमीन हलली. दूर कोयनेकडचा धक्का, आमच्यापर्यंत पोहोचेतो त्याचा नुसता एक शहारा उरला होता. पंखे झुलले, भांडी किणकिणली. मग 'निवांत'मधले झाडून सगळे रहिवासी जिन्याने खाली धावले. आतापर्यंत सगळं बरोबर होतं. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं. तेव्हा सगळे सावलीत, म्हणजे पार्किंगमध्येच थांबले. कोणी कॉलमला टेकून उभं राहिलं, कोणी स्कूटरवर बसलं, एकीने आजींसाठी खुर्ची आणून बरोबर मधोमध मांडली. कोणीतरी ताकाचं बोलू लागलं. चार टोस्टांच्या मध्ये आम्ही अख्खी सोसायटी उभी होतो आणि बिल्डिंगमधल्या त्यातल्या त्यात सुरक्षित अशा तीन मजल्यांवर टिपणीसबाईंशिवाय कोणी नव्हतं.

बाईंचा आवाज वरून आला. "बाहेर व्हा! अहो, रस्त्यावर जा! तिथे काय उभे राहिलात?"

"ऊन आहे हो, बाई!" बापट खालून ओरडले. त्यांनी तोवर गाडी रस्त्यावर नेऊन सावलीत लावली होती. मिसेस बापट मात्र अजून पार्किंगमध्येच उभ्या होत्या.

बाई धडधड जिना उतरून आल्या आणि एकेकाच्या दंडाला धरून त्यांनी आम्हाला उन्हात काढलं. आजींची खुर्ची त्यांनी स्वतः उचलली. तेव्हा मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. आम्ही सगळे मजेत होतो. धक्का ओसरला होता, फोन सुरू झाले होते. बाई थरथरत होत्या. ही थरथर रागाची आहे असं मी तेव्हा समजलो, कारण त्यांच्याकडून दुसरी कसली अपेक्षा करायची आम्हाला सवय नव्हती.

पुढच्याच सर्वसाधारण सभेत बाईंनी प्रस्ताव आणला. पार्किंगच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, कॉलमपासून कॉलमपर्यंत, पायापासून छतापर्यंत काँक्रीटच्या भिंती घालायच्या. प्रत्येक कोपऱ्यात काटकोनात दोन. एकाच कोपऱ्यात घालून चालणार नाही, बिल्डिंग पिळवटेल. महापालिकेच्या परवानगीचं त्यांनी बघितलं होतं. खर्च त्या स्वतः करणार होत्या. फक्त त्या दोन कोपऱ्यांतल्या गाड्यांना आत शिरायला वाट उरणार नव्हती.

फुकट मिळतंय म्हटल्यावर सभा आधी सावध झाली. मग पार्किंग जाणार म्हटल्यावर ती जागी झाली.

"कशाला पण? पुनर्विकास होणारच आहे," बापट म्हणाले.

हे 'निवांत'चं ब्रीदवाक्य. जिन्यातला दिवा गेला, तरी बदलायचा कशाला, पुनर्विकास होणारच आहे. गच्ची गळते, गळू दे. आम्ही त्या घरात असे राहत होतो, जसा माणूस गाडीची वेळ होईपर्यंत वेटिंग रूममध्ये राहतो. गाडी कितीतरी वर्षं लेट होती. भूकंपही तोवर थांबेल, अशी सर्वांची खात्री होती. शेवटी पुण्यातला भूकंप. दुपारी एक ते चार येणार नाही, सुट्टीच्या दिवशी येणार नाही आणि पुनर्विकासाच्या आधी तर नाहीच नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला अद्वैत उठला. मुलगा हुशार, बोलणं आजकालच्यासारखं. "काकू, आय गेट युअर पॉइंट. पण मग ओरिजिनल डिझाइनच चुकलेलं आहे ना? ज्याने केलं त्या इंजिनियरवर ॲक्शन घ्यायला पाहिजे. ही शुड पे."

"घ्या," बाई म्हणाल्या.

"पण तो आहे कुठे?"

"ही काय, तुमच्यासमोर. मी केलंय."

अद्वैत खाली बसला.

"तेव्हाच्या नियमांना धरून होतं," बाई म्हणाल्या. "नोकरीला नुकती लागले होते. साहेबांनी नकाशा पुढे टाकला, मी गणित केलं. गणित बरोबर होतं, आजही आहे. खाली मोकळं पार्किंग ठेवलं की तळमजला लंगडा होतो, हे मात्र तेव्हा कोणी विचारत नव्हतं. नियम नंतर शहाणे झाले. मीही."

"मग तुम्ही राहता कशा इथे?" कोणीतरी विचारलं.

"भूजच्या भूकंपानंतर पाहणीला गेले होते. आपल्या बिल्डिंगच्या सख्ख्या बहिणी दिसतील अशा बिल्डिंगी होत्या. तळमजला नाहीसा झालेला आणि वरचे मजले जसेच्या तसे जमिनीवर बसलेले. एका खिडकीत कुंड्यासुद्धा जागच्या जागी होत्या. त्या खिडकीखाली काय होतं ते सांगत नाही, जेवणाची वेळ झाली आहे. परत आले, खडकीचं वडिलांचं घर विकलं आणि इथे पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डिंग बसली तर माझ्यापासून सुरुवात होईल, एवढं तरी करता येण्यासारखं होतं."

मला त्या क्षणी तो तांब्या आणि पेला आठवला. ही बाई इतकी वर्षं आमच्या झोपांवर पहारा देत होती आणि आम्ही तिला भित्री म्हणत होतो. मला लाज वाटली. सभेला वाटली की नाही सांगता येत नाही, कारण सभेने लगेच कोपऱ्यातल्या जागा कोणाच्या यावर चर्चा सुरू केली.

एक कोपरा बाईंचा होता. त्यांच्याकडे गाडी नव्हती. दुसरा माझा. माझ्याकडे स्कूटर होती आणि पुढेमागे गाडी घेण्याचा एक जुना, जपून ठेवलेला बेत होता. मी विचार करू म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सुनंदा म्हणाली, "आमची जागा घ्या, बाई. यांना चालवता येत नाहीच." ठराव एकमताने मंजूर झाला. स्वतःचं काही जात नसलं की आमचं एकमत फार चटकन होतं.

भिंतींचं काम सुरू झालं आणि बाई दिवसभर पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू लागल्या. पाया खणला, जुन्या कॉलममध्ये भोकं पाडून सळया बसवल्या, सळयांचं जाळं उभं राहिलं. बाई प्रत्येक वळवलेलं टोक चष्मा कपाळावर नेऊन बघायच्या. "टोक आत वळव, बाबा. बाहेर राहिलं तर कानातल्या डुलाच्या आकड्यासारखं ऐन वेळी उघडतं," असं फिटरला समजवायच्या. तो आधी वैतागला, मग वळवू लागला. बापट येता-जाता खुर्चीपाशी थांबून विचारायचे, "काय बाई, अणुबॉम्ब येणार आहे की काय?" बाई म्हणायच्या, "तो उंची बघत नाही, तुम्ही काळजी करू नका."

भिंती झाल्या. आणि मग काय झालं? काही झालं नाही. वर्षं गेली, भूकंप आला नाही. भिंतीला लोकांनी आपलंसं केलं. गणपतीत तिच्यापुढे मखर लागायचं, होळीत मुलं तिला रंगवायची, आणि एके दिवशी बापटांनी 'येथे वाहन लावल्यास हवा काढली जाईल' अशी पाटी तिच्यावर ठोकली. जागा गेल्यामुळे तिथे वाहन लावता येतच नव्हतं, पण पाटीशिवाय भिंत ही कल्पना बापटांना सोसेना.

"बाई, तुमचा खर्च फुकट गेला म्हणायचा," बापट एकदा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हे विम्यात होते. मुदत संपेपर्यंत जिवंत राहिलेल्या माणसाला हे असंच म्हणायचे का, विचारा."

आणि मग ती लेट झालेली गाडी खरोखर फलाटाला लागली. पुनर्विकास ठरला. बिल्डर मोहितेशेठ हे वारज्याकडच्या शेतकरी घरातले. गाव शहरात आलं, शेतात टॉवर उगवले आणि शेठ झाले. पण बोलणं गावाचंच राहिलं होतं आणि त्याची त्यांना लाज नव्हती. त्यांनी नव्या बिल्डिंगची रंगीत चित्रं दाखवली. त्यात सगळी माणसं गोरी होती आणि लॉनवर कुत्रं फिरवत होती. सभासदांनी प्रश्न विचारले: किचनचा ओटा कुठला, टाइल्स कुठल्या, कार्पेट एरिया किती वाढणार. शेवटी बाई उभ्या राहिल्या.

"वरच्या भिंती पार्किंगमधून खाली पायापर्यंत येतात, की पार्किंगच्या छतावर संपतात?"

मोहितेशेठ चपापले. "आता म्याडम, पार्किंग मोकळंच लागतंय की. गाड्या हायेत प्रत्येकाच्या दोन दोन."

"म्हणजे संपतात."

"इंजिनियरला इचारून बघू."

"बघू म्हणजे नाही. मी पुण्यात जन्मले आहे," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. बापट माझ्या कानाशी म्हणाले, "आता ही बाई नवी बिल्डिंगसुद्धा रद्द करणार."

आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. बाई वारज्याला गेल्या, आम्हीही तिथेच जवळपास. 'निवांत' रिकामी झाली, मग पाडायला सुरुवात झाली. हा हा म्हणता मजले उतरले. ज्या घरासाठी आम्ही एकमेकांशी वर्षानुवर्षं बोललो नव्हतो, ते इतक्या मुकाट्याने पडावं याचं मला वाईट वाटलं. आणि एके दिवशी मोहितेशेठचा मला फोन आला.

"सेक्रेटरीसाहेब, खाली दोन कोपऱ्यांत त्या भिंती हायेत, त्या घातल्या कुनी? पोकलेनची टोकं मोडली. बाकी समदं भुईसपाट झालं, त्या काय हलंनात."

मी बाईंना घेऊन रिक्षाने गेलो. मोकळ्या प्लॉटवर विटांचा आणि चुऱ्याचा ढीग पडला होता. एका कोपऱ्यातली भिंत आदल्या दिवशी कशीबशी पाडली होती. समोरच्या कोपऱ्यात, आपल्या काटकोनात, दुसरी भिंत एकटी उभी होती. तिच्यावर बापटांची पाटी होती. हवा काढली जाईल.

"ही कुनी बांधली, म्याडम?" शेठनी विचारलं.

"मी."

शेठ भिंतीकडे बघत राहिले, मग बाईंच्या शूजकडे. "नव्या बिल्डिंगचे नकाशे घिऊन येतो उद्या तुमच्याकडं. आमच्या इंजिनियरला बी आनतो. तुमी सांगाल तशा भिंती खाली उतरवू."

ते त्यांनी पाळलं. ते नकाशे बाईंनी पुढे महिनाभर लाल पेन्सिलीने रक्तबंबाळ केले. आज मी नव्या बिल्डिंगच्या नवव्या मजल्यावर राहतो. खाली पार्किंगमध्ये भिंती पायापर्यंत येतात आणि बापट त्यांना शिव्या घालत, तीनदा मागेपुढे करत गाडी लावतात. बाई मात्र ताबा घ्यायला नव्हत्या. वारज्याच्या भाड्याच्या घरातच साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. त्यांचा पेला आता आमच्या शोकेसमध्ये, पालथ्या तांब्यावर आहे. बापट आले की हसतात. हसोत.

पण मला बाई दिसतात त्या, भिंत पाडली त्या दिवशीच्या. पोकलेन पुन्हा भिंतीवर वरून घाव घालू लागलं, तेव्हा बाईंनी हात वर करून ते थांबवलं. विटांच्या ढिगावरून, शूजचा उपयोग शेवटी सिद्ध करत, त्या भिंतीपाशी गेल्या. बोट वाकवून टकटक केली. मग जुना कॉलम आणि नवी भिंत यांच्या मधल्या रेषेवर हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "डोक्यात मारू नकोस. इथे मार, सांध्यावर. जुनं आणि नवं इथे जुळलंय. इथली मला कधीच खात्री नव्हती."

त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. घाव सांध्यावर बसू लागले. बराच वेळ काही होईना. मग एक चीर गेली, भिंत कलली आणि पाटीसकट आडवी झाली. धूळ उठली. 'निवांत'चं आता काही म्हणजे काही उभं राहिलं नव्हतं. मला भरून आलं आणि बाईंचं काय होत असेल या विचाराने त्यांच्याकडे बघवेना.

बाईंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"सेक्रेटरी, रिकामी पडली हो," त्या म्हणाल्या. "आत एकसुद्धा माणूस नव्हता."

परतताना रिक्षाला वारज्याच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे लागले. रिक्षावाला एकही चुकवत नव्हता. मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसलो होतो, डोकं टपाला आपटत होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी बाईंकडे वळलो. त्यांची मान माझ्या खांद्यावर आली होती आणि त्या गाढ झोपल्या होत्या.